फिलूच्या टँकमधले साहेब

फिलू, तू जाऊन महिना होतोय, रविवारी देवळात तुझी मिस्सा आहे. जोसेफदादाने वसईहून फोन केला होता. म्हणाला, "रजनी, शेवटी दोन शब्द तू बोल. बहीण माझी, पण तिच्यासोबत जास्त वर्षं तू जेवलीयस." मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसले. जे उतरलं ते देवळात माइकसमोर उभं राहून बोलण्यासारखं नाही. तिथे बोलायला दुसरं काहीतरी गोड लिहीन. हा कागद तुझा.

आधी टँकचं सांगते, कारण तू असतीस तर पहिलं तेच विचारलं असतंस. टँक आता माझ्याकडे आहे. गिरगावातली तुझी खोली जोसेफदादा बंद करतोय, आणि त्याला माशांतलं फक्त तळायचं कळतं. म्हणून तुझा चार फुटी टँक, तुझे दगड, वाळू आणि उरलेले मासे झाकणाच्या बादल्यांत भरून टेंपोने अँटॉप हिलला आणले. आमच्या क्वार्टरला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर टँक चढवताना आमच्या ह्यांनी तुला आणि मला मिळून जेवढं ऐकवलं, तेवढं लग्नाच्या इतक्या वर्षांत ऐकवलं नव्हतं. आता स्वतःच संध्याकाळी खुर्ची ओढून समोर बसतात आणि विचारतात, हा पिवळा त्या पिवळ्याच्याच मागे का लागलाय, बाकीच्यांना का सोडतोय? मी म्हणते, सारखे दिसतात म्हणून. पुढचा प्रश्न असतो, पण सारखे दिसले म्हणून काय झालं? तिथे माझं ज्ञान संपतं.

सुरुवात कशी झाली ते ह्यांना परवा सांगत होते. तुझी मम्मी गेली आणि त्या खोलीत तू एकटी उरलीस. मी म्हटलं, मांजर पाळ. तू म्हणालीस, वाडीत पाच आहेत, सगळी माझ्याच दारात जेवतात. मग एका शनिवारी आपण क्रॉफर्ड मार्केटला पडदे घ्यायला गेलो आणि माशांच्या दुकानात एका टँकपुढे तू जी उभी राहिलीस ती हलेना. पिवळेजर्द, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे. मला वाटलं समुद्रातले, गोड्या पाण्यात एवढा रंग कुठला. दुकानदार म्हणाला, "आफ्रिकन सिक्लिड आहेत मॅडम. तिकडे मलावी म्हणून मोठं तळं आहे, त्यातले. दिसायला झकास, पण एक नंबरचे मवाली." मवाली म्हटल्यावर तू घेतलेच.

रंग बघून सहा आणलेस आणि आठवड्यात तीन उरले. बाकीच्यांची शेपटं कुरतडलेली. दुसरी कुणी असती तर टँक विकून टाकला असता. तू मात्र हट्टाला पेटलीस. घरी वाचायचीस, ऑफिसात डब्याच्या वेळी मला सांगायचीस, आणि लोक मुलीला स्थळ बघताना करतात तशी एकेका माशाची चौकशी सुरू झाली. खातो काय, वाढतो केवढा, स्वभाव कसा, आधीच्यांपैकी कोणाशी तोंडवळा जुळतो का. दुकानात गेलं की तासभर तू नुसती बघायचीस. कोण कोणाच्या मागे लागतो, खाणं टाकल्यावर कोण पुढे येतो, कोण कोपऱ्यात पंख मिटून बसतो. दुकानदार कंटाळून विचारायचा, "मॅडम, जोडी देऊ?" तू म्हणायचीस, "जोडी नको. एक नर, चार माद्या. जोडी दिलीस तर तो तिला एकटीला छळून मारेल." बाकीची गिऱ्हाइकं माना वळवून बघायची आणि मला हसू आवरायचं नाही.

गर्दीचं तुझं शास्त्र मला सगळ्यात आधी पटलं. थोडे मासे ठेवले तर दादागिरी करणारा एकालाच धरून मारतो. भरपूर ठेवले तर कोणावर डोळा ठेवायचा तेच त्याला कळत नाही, मार सगळ्यांत वाटला जातो आणि कोणी मरत नाही. परळच्या चाळीत एका खोलीत आम्ही नऊ जण होतो, त्यामुळे मला ह्यात नवीन काही नव्हतं. तू म्हणालीस, "पण त्याला फिल्टर डबल लागतो गो, पाणी लवकर घाण होतं." मी म्हटलं, आमच्याकडे फिल्टर म्हणजे माझी आई.

पाण्याचीही गंमत. आपलं नळाचं पाणी मऊ, ह्या माशांना जड लागतं. तर खायला तिसऱ्या आणल्या की पाणी जड करायला तू त्यांच्या शिंपल्या उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवायचीस. म्हणायचीस, "खाल्लं आपण, फायदा त्यांचा." ती पिशवी मी तशीच आणलीय, सोडून बघायचं धाडस झालं नाही.

आणि साहेब. निळ्या अंगावर काळे उभे पट्टे, सगळ्यात मोठ्या दगडाखालची गुहा त्याची. बाहेर कोणी जवळून गेलं की तोंड काढून हाकलायचा आणि परत आत जाऊन बसायचा. आपल्या सेक्शनच्या साहेबांच्या केबिनची आठवण मला झाली, नाव मी ठेवलं, हे कबूल कर. त्याच्या चार माद्या, त्यातली रोझी तुझी लाडकी. सोबत सात पिवळे. निळे आणि पिवळे एकमेकांकडे ढुंकून बघायचे नाहीत, हेच तुला हवं होतं.

आता जे आपण कधी बोललो नाही तिथे येते. त्या दिवशी सकाळी मी दादरला भाड्याची जागा बघायला गेले होते. एजंटने आधी आडनाव विचारलं, मग खाता काय ते विचारलं, आणि मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाला तुमच्या लोकांमध्ये बरं वाटेल." संध्याकाळी तुझ्याकडे आले, वाटेत तुझ्यासाठी एक एंजल मासा घेऊन. उभा, नाजूक, लांब पंखांचा. तू पिशवी हातात घेतलीस आणि म्हणालीस, "ह्याला ह्यांच्यात नाही टाकता येणार गो. जो जिथला त्यानं तिथं राहावं, त्यातच सुख असतं." झालं. मी काय काय बोलले ते मला आठवतं. जन्म कुठला, खाणं काय, रंग कुठला हे बघून कोणाला आत घ्यायचं हे ठरवणाऱ्यांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो, असं बोलले. तू म्हणालीस, "मासे आहेत ते रजनी, माणसं नाहीत." मी चप्पल घातली आणि निघाले.

चार महिने बोलले नाही. डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायला लागले. तुला एजंटचं काही माहीतच नव्हतं, ते मी सांगितलंही नाही. माझं असंच आहे, मनाला लागलं की मी यायची बंद होते. शेवटी तूच येऊन माझ्या टेबलाशी उभी राहिलीस, "पिल्लं झालीत, बघायला येणार का?" एवढंच. मी आले.

पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. नंतर मीही बघत बसायला लागले तेव्हा दिसलं की तुझंच म्हणणं तुझ्या टँकमध्ये खोटं ठरत होतं. परक्याला कोणी त्रास देत नव्हतं. मारामाऱ्या होत्या त्या सगळ्या पिवळ्याच्या पिवळ्याशी. आपल्यासारखा दिसतो त्यालाच जागा द्यायची नाही, असा काहीतरी हिशेब. मग आपापल्यात सुख कुठे राहिलं? आणि हेही खरं की एंजल तिथे जगला नसता, पाणीच त्याला मानवलं नसतं. म्हणजे तूही बरोबर आणि मीही. हे एकदा तुझ्यासमोर मांडायचं होतं. एजंटसकट.

खाण्यावरून मात्र आपण उघड भांडायचो. निळ्यांना पाला लागतो म्हणून तू हिरव्या गोळ्या द्यायचीस, कधी उकडलेला पालक. मी म्हणायचे, मासा आणि शाकाहारी? ह्यांची सोसायटी काढ, पाटी लाव, नॉनव्हेजवाल्यांना जागा नाही. तू हसायचीस, म्हणायचीस, "त्यांचं आतडंच लांब असतं गो, जड पचत नाही." मला ते सगळं चोचल्यांचं वाटायचं. जवळा बघून ज्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही तो मासा कसला.

तू हॉस्पिटलात गेलीस तेव्हा किल्ली समोरच्या ग्लॅडिस आंटीकडे ठेवलीस आणि मासे माझ्याकडे सोपवलेस. रोझीच्या तोंडात अंडी होती, ह्या माद्या तोंडातच उबवतात. मला दहा वेळा बजावलंस, ती तीन आठवडे तोंड उघडणार नाही, खाणार नाही, घाबरू नकोस. बाकीच्यांना हिरव्या गोळ्या, चिमूटभर. मी ऑफिस सुटलं की गिरगावला यायचे, टँक बघायचे, मग परळला हॉस्पिटलात तुझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी मला वाटलं हे सुकलेत. तुझ्या आवाजाला सवकलेले, वाट बघतायत. काहीतरी चांगलं द्यावं. शीव कोळीवाड्यातून सुका जवळा आणला, भिजवून खारटपणा काढला, निवडला आणि टाकला.

फिलू, काय तुटून पडले. साहेब कधी माझ्या हाताजवळ आला नव्हता, तो बोटातून घेऊन गेला. मला एवढा आनंद झाला. प्रेमानं दिलं हे खरं. पण भांडण जिंकल्याचाही आनंद होता, तोही खरा. तू घरी आलीस की दाखवणार होते, बघ, तुझे शाकाहारी. पाच दिवस रोज दिलं.

मग साहेबांचं पोट फुगलं. गुहेतून बाहेर येईना. खाणं समोर टाकलं तरी बघेना. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "जवळा? अहो मॅडम, हे पाला खाणारे. पोट सुजून मरतात." सातव्या दिवशी दोन माद्या तरंगत होत्या. आठव्या दिवशी तिसरी आणि साहेब. पिवळ्यांना काही झालं नाही, ते सगळं पचवतात. रोझीला काही झालं नाही, कारण तिनं तोंडच उघडलं नव्हतं. एवढी पोरं तोंडात धरून ती त्या जवळ्यासमोरून उपाशी फिरत राहिली. मी चारही मासे आंटीच्या अबोलीच्या कुंडीत पुरले आणि हात धुऊन तुझ्याकडे आले.

वाटेत ठरवलं होतं, सांगायचं. तू उशीला टेकून बसली होतीस, नाकात नळी. मला बघितल्या बघितल्या म्हणालीस, "साहेब कसे आहेत?" मी म्हटलं, मजेत.

एकदा मजेत म्हटल्यावर मग थांबता येईना. तू रोज विचारायचीस आणि मी रोज नवीन सांगायचे. साहेबांनी पिवळ्याला गुहेतून हुसकलं. साहेबांनी वाळू उपसून दाराशी ढीग केला. साहेब आज रुसून हीटरच्या मागे बसलेत. तू आणखी खोदून विचारायचीस, मग पिवळ्यानं काय केलं, मग साहेब काय म्हणाले? एकदा एवढी हसलीस की नळी सुटली आणि नर्स माझ्यावर ओरडली. मी इतकं खोटं आयुष्यात बोलले नव्हते. धाकधूक एकच होती, तू फोटो मागशील. मोबाईलमध्ये जुना एक शोधून ठेवला होता. तू मागितलाच नाहीस. मी मनात म्हटलं, सुटले.

सोळाव्या दिवशी रोझीनं पिल्लं सोडली. तांदळाच्या कणीएवढी, दगडांच्या फटीत. मी मोजायला गेले तर आकडा हरवून बसले. धावत आले तुझ्याकडे, दारातूनच सांगितलं. आणि तू माझ्याकडे बघून विचारलंस, "खरं?"

मला वाईट वाटलं. एवढी आनंदाची बातमी आणि हा काय प्रश्न. मोबाईलमधला व्हिडिओ दाखवला. बाकीचा टँक दिसू नये म्हणून मी फक्त कोपऱ्यातल्या दगडाचा काढला होता. तू मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन तीनदा बघितलास. मग म्हणालीस, "कोपऱ्यातलाच काढलास." मी म्हटलं, बाकीची काच घाण झालीय. तू हूं म्हणालीस आणि माझा हात बराच वेळ सोडला नाहीस. त्यानंतर दोन दिवस.

तू गेल्यावर मला रडू तुझ्यासाठी आलं की त्या खोटेपणासाठी, सांगता येणार नाही. सगळं आत तसंच अडकलेलं. मागच्या शनिवारी टेंपो घेऊन आले तेव्हा ग्लॅडिस आंटी ओट्यावर बसली होती. बादल्यांत डोकावून म्हणाली, "ते निळे चार तू माझ्या कुंडीत पुरलेस ना गो, ते मी तिला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं. मला काय माहीत तुला लपवायचं होतं."

मी तिथेच पायरीवर बसले. विचारलं, काय म्हणाली ती?

"आधी विचारलं, साहेब पण? मी म्हटलं, तो मोठा, तो पण. मग म्हणाली, आंटी, मला कळलंय ते रजनीला कळू देऊ नका. तिला लाज वाटली की ती यायची बंद होते."

टेंपोत बादल्या धरून बसले होते आणि सगळा वेळ तुझ्याशी भांडत होते. दहा दिवस तू मला मूर्ख बनवलंस. दहा दिवस माझ्याकडून मेलेल्या माशाच्या गोष्टी काढून घेतल्यास, आणि ज्या एका दिवशी मी खरं बोलले त्या दिवशी विचारलंस, खरं? मला लाजेनं मरायची वेळ आणलीस. आणि काय ओळखलंस तू मला? एवढ्या वर्षांची मैत्री, मी चार माशांपायी यायची बंद झाले असते? सांगून तरी बघायचं होतंस. शिव्या घालायच्या होत्यास. मी आले असते, रोज आले असते. दादर मागे पडेपर्यंत मी हेच घोळवत होते.

शीवला टेंपो सिग्नलला थांबला. रोझीच्या बादलीचं झाकण उघडून बघितलं, ती तळाशी शांत होती. आणि मग माझं मलाच विचारलं, की रजनी, तुझी चूक कोणी तुझ्यासमोर धरली की तू काय करतेस?

मी आले नसते, फिलू. फोन केला असता, ऑफिसात काम आहे म्हटलं असतं, दोन दिवसांनी येते म्हटलं असतं, आणि ते दोन दिवस लांबवत राहिले असते. तू त्या खाटेवर संध्याकाळी दाराकडे बघत पडून राहिली असतीस. तुझ्याकडे दहाच दिवस होते, आणि चार महिने थांबून मग टेबलाशी येऊन उभं राहायला तुला जमणार नव्हतं. म्हणून साहेब मेलेत हे माहीत असून तू रोज त्यांची खुशाली विचारलीस, आणि मी रोज आले.